तुला कुणी सांगितलं?

३ मार्च

मामा,

सुखरूप पोचले. मामीने बांधून दिलेला डबा प्रवासात अर्धाच संपला. उरलेला माझ्या खोलीतल्या दोघींनी माझ्या डोळ्यांदेखत फस्त केला आणि वर विचारलं, पुन्हा कधी जाणार आहेस?

तुमच्याकडचे बारा दिवस वाया गेले नाहीत. दोनशे बारा दुकानं आणि वर्कशॉप पालथी घातली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, 'अडलात तर कुणाला विचारता?' आता त्याचं चित्र तयार झालंय, सोबत पाठवतेय. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. तो ज्याला विचारतो त्याच्याकडे जाणारी एक रेघ. बहुतेकांना दोन-तीन रेघा आहेत, पण मधोमध बघा. पाच ठिपके रेघांनी काळेकुट्ट झालेत. मोटर-पंपवाले तुम्ही, नळवाले, वायरवाले, माल पोचवणारे गाडीवाले आणि तीस इमारतींची देखभाल बघणारे मॅनेजर.

गंमत पुढेच आहे. या पाचांपैकी प्रत्येकाची रेघ उरलेल्या चौघांकडेही जाते. मी शिकते त्या जाळ्यांच्या शास्त्रात अशा मंडळींना 'श्रीमंत क्लब' म्हणतात. पैशाने नव्हे, ओळखींनी श्रीमंत. असा क्लब मेंदूत असतो, मोठमोठ्या विमानतळांचा असतो, आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर असतो. तिथे पडलेला शब्द तासाभरात अख्ख्या बाजारात पोचतो, हे मी घड्याळ लावून बघितलंय.

आता एक घरचं. बाबांच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळं आपोआप चालणारं यंत्र बसतंय. जूनअखेर त्यांची नोकरी संपते. त्यांना पुन्हा जुनं काम करायचंय. जळालेल्या मोटरी उघडायच्या, आत नवी तार गुंडाळायची. तुमच्या बाजारात एखादी जागा मिळेल का? तुम्ही शब्द टाकलात तर कोण नाही म्हणेल?

तुमची भाची

१४ मार्च

शहाणे,

चित्र पोचलं. फ्रेम करून काउंटरच्या मागे टांगलंय. तुझी मामी म्हणाली, जाळ्यात पाच माश्या अडकल्यासारख्या दिसतायत. मी म्हटलं, माश्या नव्हेत, कोळी आहेत ते!

खिडकीची सगळी मंडळी येऊन बघून गेली. नळवाल्यांनी खिशातली पट्टी काढून आपला ठिपका मोजला आणि म्हणाले, "माझा तुमच्याहून बारीक का?" वायरवाल्यांना त्यांच्या ठिपक्याला लाल रंग हवाय. मॅनेजर रेघा मोजत बसले, चहा गार झाला तरी उठेनात. गाडीवाले शेवटी म्हणाले, "पोरीने आपल्याला नुसत्या रेघांवरून ओळखलं की हो." तुझं नाव झालंय इथे. पुढच्या वेळी आलीस की चहा फुकट.

मला मात्र खरंच भरून आलं. बाविसाव्या वर्षी या बाजारात आलो तेव्हा माझ्याकडे एक स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन कान होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत काय दुखतंय ते मोटर स्वतः सांगते. त्या दोन कानांवर इथवर आलो. कुणाचं बोट धरून नाही. आणि आज तू मला मधोमध काढलंस.

दाजींचं म्हणशील तर त्यांनी जरूर यावं. ताईलाही बरं वाटेल. दुकानात माझ्या शेजारी खुर्ची टाकतो. गिऱ्हाइकांशी बोलावं, मालावर नजर ठेवावी, पेपर वाचावा. वाइंडिंगचं मात्र राहू दे. वय झालं, डोळे थकतात, मान मोडून तार गुंडाळत बसायचं हे काय वय आहे?

उन्हात कान झाकत जा.

तुझा मामा

२२ मार्च

मामा,

बाबांचे डोळे ठणठणीत आहेत. परवा घरी गेले होते तेव्हा आईच्या सुईत त्यांनी पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि आईकडे असं बघितलं की जसं काही पदकच मिळालं.

तुम्ही बाबांना खुर्ची देताय, काम देत नाही. बाबांना मी विचारलं तर म्हणाले, "तिथे मला कुणी मोटर देणार नाही." आणि पेपर उघडला. आईला विचारलं तर तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मी आठ वर्षांची होते तेव्हा आपलं घर एका ट्रकमध्ये भरलं आणि आम्ही निघालो, एवढं मला आठवतंय. का निघालो ते सतरा वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. त्यानंतर बाबा तुमच्या घरी एकदाही आले नाहीत. आई एकटीच येते आणि 'त्यांना रजा नाही' म्हणते. इतकी वर्षं रजा न देणारं पंपघर मी तरी दुसरं पाहिलं नाही.

तुम्ही सांगा. गोड बोलून टाळलंत तर मला ऐकू येईल. कान तुमच्याच घरचे आहेत.

तुमची भाची

२ एप्रिल

शहाणे,

कान आमचे आणि जीभ तुझ्या आईची. चांगली जोडी जमलीय.

सांगतो. पण हे तुझ्या-माझ्यात. म्हणून तर फोन न करता लिहितोय. दुकानात फोनवर खोकलो तरी चार जण औषध सांगायला येतात.

तेव्हा दाजींचं वर्कशॉप माझ्या दुकानाच्या मागेच होतं. मी मोटरी घ्यायचो, ते गुंडाळायचे. काम देखणं, पण हात फार सावकाश. तारेवर दिलेलं व्हार्निश दोन दिवस वाळल्याशिवाय मोटर बाहेर सोडायची नाही. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर नाचतंय आणि हे मागे व्हार्निशला बोट लावून बघतायत. तेही मी चालवून घेतलं. पण मग बाजारात बोलणं सुरू झालं की दाजींनी गुंडाळलेल्या मोटरी तापतात. मोटर तापली म्हणजे आज ना उद्या जळणार. माझा विश्वास बसेना. पण आठवडाभरात चार जणांनी येऊन सांगितलं. वायरवाले बोलले, गाडीवाले बोलले, नळवाले बोलले, शेवटी मॅनेजरही. चौघं चार धंद्यांतले. एकट्याने सांगितलं असतं तर हाकलून दिलं असतं. चौघांना कसं हाकलणार? मोटरी तिकडे पाठवणं मी हळूहळू कमी केलं. दाजींनीही एका शब्दाने विचारलं नाही. दोन महिन्यांनी पंपघरातली नोकरी धरून ते निघून गेले.

तेव्हापासून मला हे बोलायचं नव्हतं. बाप सगळ्यांनाच थोर वाटतो, तुलाही वाटावा. आता खुर्ची का देतोय ते कळलं ना? माझ्या शब्दावर लोक मोटर देतील. पण ती तापली तर?

मामा

९ एप्रिल

मामा,

पत्र तीनदा वाचलं. रागावले नाहीये. थोडीशी रागावलेय, पण ते बाजूला ठेवते आणि कामाचं बोलते.

तुम्ही म्हणता, चौघांनी सांगितलं. तुमच्या काउंटरमागे टांगलेल्या चित्राकडे एकदा वळून बघा. ते चौघं चार वेगळे लोक नाहीतच. दिवसातून दोनदा एका टेबलावर बसणारे आहेत. आमच्या कामात अशा क्लबची हीच मेख असते. बाहेरून बातमी आत यायला दार एकच, आणि आत आली की ती भिंतींवर आपटत फिरते. प्रत्येकाला वाटतं, आपण ती वेगळ्या तोंडून ऐकतोय. चार साक्षी झाल्या असं वाटतं आणि साक्ष असते एकच. कधीकधी तीही नसते.

म्हणून दोनच प्रश्न. चौघांना ते कुणी सांगितलं? आणि मामा, बाबांनी गुंडाळलेल्या चालत्या मोटरीला तुम्ही स्वतः कधी हात लावून बघितला होता का?

बाबा सध्या जुनी हत्यारं काढून तेल लावून ठेवतायत. कशाला विचारलं तर म्हणतात, गंजू नयेत म्हणून.

तुमची भाची

२० एप्रिल

बाईसाहेब,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नंतर. पहिल्याचं घ्या. मी चौकशीला निघालोय. माझ्या टेबलाला तू भिंती म्हणालीस ते जरा लागलं, पण असो. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तरी माझ्या माणसांची स्मरणशक्ती दांडगी. कुणाच्या घरचा नळ कोणत्या साली गळला ते आम्हाला पाठ असतं.

वायरवाल्यांकडे गेलो. विचारलं, "दाजींच्या मोटरी तापतात हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी चष्मा कपाळावर नेला, छताकडे बघितलं. "गाडीवाल्यांनी. माझी केबल उतरवताना. ड्रम पायावर पडला होता म्हणून पक्कं लक्षात आहे."

गाडीवाल्यांना गाठलं. ते गाडीखाली आडवे. फक्त पाय दिसत होते. पायांना विचारलं. पाय म्हणाले, "नळवाले बोलले. पण आता काय त्याचं? दाजी येतायत की काय परत?" मी म्हटलं, तू चाक बघ.

नळवाले बाहेरगावी कामावर गेलेत, सोमवारी येतील. तेव्हा थोडा दम धर. एखादा तरी निघेलच, ज्याने मोटरीला हात लावला आणि चटका बसला. मग मला कोळी-माशी काही ऐकवू नकोस.

मामा

१५ मे

मामा,

सोमवार येऊन गेला, त्यानंतर आणखी दोन गेले. आई म्हणते, फोनवर तुम्ही 'बरं आहे' एवढंच बोलता आणि मामीकडे देता. मामी म्हणते, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत.

चटका बसलेला माणूस सापडला का? नसेल सापडला तरी लिहा. सापडला असेल तरी लिहा.

मी तुमच्यावर रागावण्याइतकी मोठी अजून झाले नाहीये.

भाची

२४ मे

पोरी,

सापडला.

नळवाले म्हणाले, मॅनेजरने सांगितलं. मॅनेजरकडे गेलो. ते एका इमारतीच्या गच्चीवर टाकीचं झाकण बसवून घेत होते. मी विचारलं. ते वळले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मला ताप भरलाय. म्हणाले, "अहो, तुम्हीच की!"

मी म्हटलं, "मी काय?"

"तुम्हीच सांगितलंत. खिडकीपाशी. मी एकटाच बसलो होतो, तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, 'आमच्या दाजींची मोटर आणि आमचे दाजी, दोघंही लवकर तापतात.' काय हसलो होतो आपण! माझ्या नाकातून चहा आला होता."

आणि मला आठवलं. अगदी कोणता कप होता इथपर्यंत आठवलं. त्या दिवशी व्हार्निशवरून दाजींशी वाजलं होतं. मोटर ओली सोडायला ते तयार नव्हते, गिऱ्हाईक उभं होतं, ते माझ्यावर तापले. मी चहाला गेलो आणि कोटी केली. मॅनेजर हसले, मला बरं वाटलं, विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला. मॅनेजरने ती नळवाल्यांना सांगितली, नळवाल्यांनी गाडीवाल्यांना, त्यांनी वायरवाल्यांना, आणि फिरून ती मॅनेजरकडेच आली तेव्हा त्यांनाही वाटलं, माझ्या कोटीत तथ्य असणार. कोटीतले दाजी वाटेत कुठेतरी गळून पडले आणि मोटर तेवढी शिल्लक राहिली. आठवड्याने ती चार तोंडांनी माझ्याकडे परत आली, चेहरा गंभीर करून. आणि मी, बाजारातला सगळ्यात तिखट कानाचा माणूस, माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

पुढचं तर त्याहून वाईट. मी मोटरी पाठवणं बंद केलं. मग बाजार म्हणाला, सख्खा मेहुणा देत नाही म्हणजे खरंच असणार.

गच्चीवरून खाली उतरलो ते दुकानात गेलोच नाही. तुझा दुसरा प्रश्न डोक्यात होता. कधी हात लावला होता का? दाजींची मोटर कुठे शोधू आता, म्हणत घरी आलो. हातपाय धुवायला नळ सोडला, टाकी रिकामी होती, मामीने पंप लावला. तिथेच उभा राहिलो. पोरी, आमच्या घरची मोटर दाजींनीच गुंडाळलेली आहे. मी पार विसरलो होतो. जी मोटर दुरुस्तीला येत नाही तिच्याबद्दल आम्हाला काही ऐकूच येत नाही गं, आमचा धंदाच तसला. जोडणीच्या डबीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला दाजी खिळ्याने तारीख कोरायचे. आहे. एकोणीस वर्षांपूर्वीची. तासभर पंप चालू ठेवला, टाकी भरून वाहिली, मामी ओरडायला लागली. मोटरीवर तळहात ठेवला. नुसती कोमट. लहान मुलाच्या कपाळासारखी.

अजून एक खोटं निस्तरायचं राहिलंय. मी लिहिलं होतं ना, कुणाचं बोट धरून आलो नाही? स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायला मला दाजींनी शिकवलं. तो स्क्रू-ड्रायव्हरही त्यांचाच होता. अजून माझ्याकडेच आहे.

गुडघ्याची सूज उतरली की टेबलावर उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे की दाजींसारखा कारागीर नाही. तेवढं तरी करू दे.

मामा

३१ मे

मामा,

आधी हे वाचा, मगच टेबलावर चढा. उभे राहिलाच असाल तर उतरा, तुमच्या गुडघ्याला ते झेपणार नाही.

तुम्ही सांगाल, टेबल ऐकेल. संध्याकाळपर्यंत सगळा बाजार म्हणेल, दाजी थोर कारागीर. पण कुणाच्या शब्दावर? पुन्हा तुमच्याच. आणि बाजार हळूच म्हणेल, मेहुण्याची बाजू घेतोय. बाबांना पहिल्या वेळी एका माणसाच्या बोलण्याने घालवलं. दुसऱ्या वेळी एका माणसाच्या बोलण्यावर त्यांना परत बसवू नका. ते तितकंच कच्चं राहील. तुमच्याच भाषेत सांगायचं तर ओल्या व्हार्निशसारखं.

मला खरे चार साक्षीदार हवेत. एकमेकांशी न बोललेले. बाबांची तारीख कोरलेल्या मोटरी अजून कुठे कुठे असतीलच. प्रत्येकाने आपली शोधावी, स्वतः हात लावावा.

पत्र वाचून रडले. बाबांसाठी थोडं आणि तुमच्यासाठी जास्त. हे आईला सांगू नका.

भाची

१९ जून

शहाणे,

तुझं ऐकलं. या वयात कुणाचं तरी ऐकावं लागतं, मामीचं तर ऐकतोच.

चौघांना एकेकटं गाठून सांगितलं. तुझ्या माहितीतली दाजींची तारीख कोरलेली मोटर शोध. तासभर चालवून हात लाव. काय वाटलं ते चिठ्ठीवर लिही, घडी घाल आणि माझ्या बायकोकडे दे. आणि आठवडाभर खिडकीपाशी यातलं अक्षर काढायचं नाही. मॅनेजरने विचारलं, "का?" मी कारण सांगितलं. कोटी माझी होती, तेही सांगितलं. चौघांना चार वेळा सांगावं लागलं. चौथ्या वेळीही सोपं गेलं नाही.

तो आठवडा बघायला तू हवी होतीस. पाच जण टेबलाभोवती आणि बोलायला विषय नाही. मंगळवारी आम्ही बशीतल्या माशीवर पंधरा मिनिटं काढली. बुधवारी चहावाला काळजीने येऊन विचारून गेला, "भांडलात काय हो?" गाडीवाल्यांचं तोंड तर उघडायचं आणि मिटायचं, माशासारखं. शेवटी ते उठून गाडीत जाऊन बसले.

शनिवारी मामीने चिठ्ठ्या फोडल्या. नळवाले: 'गार.' एवढंच. वायरवाल्यांनी मीटर लावून आकडा लिहिला, खाली सही ठोकली आणि हवेचं तापमानही दिलं. गाडीवाले: 'कोमट. माझ्या सासूपेक्षा गार.' मॅनेजरची मोटर गेल्या वर्षी जळून दुसरीकडे गुंडाळलेली निघाली. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'माझी साक्ष धरू नये.' पण दोन दिवसांनी त्यांची दुसरी चिठ्ठी आली. तीन इमारतींच्या मोटरींची झाकणं स्वतः उघडून, हात लावून आले होते. 'तिन्ही गार. मला लाज वाटते.'

दाजींना पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही. पाच कागद फाडले, सहावा पाठवला. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन, असं मामीला सांगितलंय. तेव्हापासून रोज पत्र टाकणाऱ्याच्या सायकलकडे कान लावून असतो. तिचीही साखळी कोरडी झालीय.

मामा

२७ जून

मेहुण्या,

तुझं पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं. तुझ्या ताईने एकदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं, आता मागितलं तर देत नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात राहिली. ती कोटी तू आधी माझ्यासमोर केली होतीस. दुपारी, जेवताना. तुझी ताई हसली, तुझी बायको हसली, मीही हसलो. मला ठसका लागला आणि तूच पाठीवर थापट्या मारल्यास. चांगली होती कोटी. घरी जमली म्हणून तू ती चहाला घेऊन गेलास. त्यामुळे बाजारात ऐकली तेव्हा कुणाच्या हातची आहे ते मला लगेच कळलं.

तुला येऊन विचारलं असतं तर तुझी ताई मध्ये सापडली असती. आणि खरं सांगू का? मी तापलो होतो. म्हटलं, याच्या लक्षात येईल तेव्हा येईल. सतरा वर्षं लागली. हरकत नाही. व्हार्निशला वेळ द्यावा लागतो.

तुझ्या घरच्या मोटरीला हात लावलास ते बरं केलंस. पण गार आहे म्हणून खूश होऊ नकोस. एकोणीस वर्षांत बेअरिंगमधलं ग्रीस सुकून गेलं असेल. मी येईपर्यंत ती उघडू नकोस, तुझा हात घाईचा आहे.

८ जुलैला दोघं निघतो. खुर्ची नको. खिडकीतून उजेड येईल असं कामाचं टेबल बघून ठेव. तुझ्या शब्दावर आलेलं काम घेणार नाही. ज्याने स्वतः हात लावून बघितलंय त्याने मोटर घेऊन यावं.

स्क्रू-ड्रायव्हर माझा आहे, हे तुझ्या लक्षात आहे ना?

दाजी

१२ जुलै

शहाणे,

आले. तुझ्या आईने दारातच मला धपाटा घातला आणि मग अर्धा तास सोडलं नाही. दाजींनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि सरळ मागे पंपाकडे गेले. मी स्क्रू-ड्रायव्हर पुसून पुढे केला. त्यांनी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग मूठ माझ्याकडे केली. मी ऐकलं. अगदी बारीक कुरकुर. दोन महिने रोज त्या मोटरीपाशी उभा राहत होतो, मला ऐकू आली नव्हती. "ग्रीस," दाजी म्हणाले. "ग्रीस," मी म्हणालो. एवढंच बोललो आम्ही, पण सतरा वर्षांचं बोलून झालं.

दुकानामागची, त्यांच्या जुन्या वर्कशॉपची खोली रिकामी करून दिलीय. टेबल उजेडात आहे. पहिली मोटर नळवाल्यांनी स्वतः खांद्यावरून आणली. दाजींनी ठणकावून सांगितलं, दोन दिवस वाळल्याशिवाय मिळणार नाही. नळवाले म्हणाले, "तीन ठेवा."

आज त्यांना खिडकीपाशी घेऊन गेलो. सहावी खुर्ची ओढली. सगळे अवघडून बसलेले. शेवटी मॅनेजरने धीर केला. "दाजी, इतकी वर्षं मेहुण्याला एका शब्दाने बोलला नाहीत. कसं जमलं?"

दाजींनी कप बशीत ठेवला, अगदी सावकाश, जसं काही तोही वाळायचाय. म्हणाले, "काय बोलणार? याला दुनियेतल्या सगळ्या मोटरी ऐकू येतात. स्वतःचा भोंगा तेवढा ऐकू येत नाही."

मॅनेजरच्या नाकातून पुन्हा चहा आला. गाडीवाल्यांनी टेबलावर अशी थाप मारली की सहाही कप नाचले. मीही हसलो, ठसका लागेपर्यंत. या वेळी थापट्या दाजींनी मारल्या.

संध्याकाळी दुकान बंद करत होतो. पलीकडच्या पाचव्या गल्लीतला कुलपांचा दुकानदार आला. तुझ्या चित्रात तो अगदी कडेला आहे, दोनच रेघांवाला. माझी-त्याची ओळख मान हलवण्यापुरती. दारातूनच हसत म्हणाला, "काय शेठ, तुम्हाला तुमचा भोंगा ऐकू येत नाही म्हणे!"

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतायत."

मी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हटलं, "सगळे नाही. एकच माणूस म्हणाला. मागे काम करतोय. आणि त्याचं बरोबर आहे."

तुझा मामा